रजिस्टर, मोबाइल आणि आरोग्यसेविकेचे मन

गावपातळीवरच्या आरोग्यसेविकेच्या हाती मोबाइल आला तो नोंदी भरण्यासाठी. त्याच मोबाइलवरून तिची स्वतःची झोप, भीती आणि थकवा यांची विचारपूस करता येईल, ही कल्पना भारतात जोर धरू लागली ती २०२० च्या करोना साथीपासून. त्याआधीची दहा-बारा वर्षे फोन हे देखरेखीचे साधन होते आणि थोडेफार शिकवणीचे. म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठीच्या ॲपचा इतिहास ॲपपासून सुरू करून भागत नाही. ज्या कामाचा ताण हलका करायला ॲप आले, ते काम कसकसे वाढत गेले आणि त्या वाढीत मोबाइलचा स्वतःचा वाटा किती, हे आधी पाहावे लागते.

त्यासाठी एका गावापासून सुरुवात करू. नागरा हे गोंदिया शहराच्या उत्तरेला असलेले गाव प्राचीन शिवमंदिरासाठी आणि महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी ओळखले जाते. हा सगळा मुलूख आधी भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला. उत्तरेला मध्य प्रदेशातला बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. धानाची शेती, जागोजागी तलाव आणि घराघरांत मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगडी अशी बोलींची सरमिसळ. नागऱ्यासारख्या गावातला गंभीर रुग्ण शहरातल्या कुंवर तिलकसिंह रुग्णालयात जातो, बाळंतीण बाई गंगाबाई महिला रुग्णालयात. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले २०१६ मध्ये. मनाच्या आजारासाठी विदर्भाचे जुने ठिकाण म्हणजे नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय, रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर. एरवी गावात आरोग्ययंत्रणा म्हणून जी दिसते ती तीन बायकांच्या रूपात: उपकेंद्राची नर्सबाई, अंगणवाडी सेविका आणि आशाताई.

या तिघींपैकी नर्सबाई सर्वांत जुनी. भोर समितीने १९४६ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रांचा आराखडा मांडला. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने वेगवेगळ्या मोहिमांचे वेगवेगळे कर्मचारी एकत्र करून बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी सुचवला. तोवर देवीचा माणूस वेगळा, हिवतापाचा वेगळा, कुटुंब नियोजनाचा वेगळा असे. पुढे सपाट भागात पाच हजार आणि आदिवासी किंवा डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असे माप ठरले. अंगणवाडी आली २ ऑक्टोबर १९७५ रोजी. देशातल्या पहिल्या ३३ प्रकल्पांत मेळघाटातले धारणी होते. दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, गावातल्याच माणसाला थोडे शिकवून आरोग्यरक्षक करण्याची केंद्राची योजना निघाली. ती फार टिकली नाही.

महाराष्ट्रात मात्र हीच कल्पना सरकारी योजनेच्या आधी रुजली होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि गावातल्या बायकांना, त्यांतल्या अनेक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या बायका ठरावीक दिवशी जामखेडला जमत, शिकत, मुक्काम करत, आपापल्या गावातले प्रसंग एकमेकींना सांगत आणि परत जात. या मुक्कामाला तेव्हा प्रशिक्षण म्हणत. आजच्या भाषेत तो मानसिक आधाराचा गट ठरेल. गावाने टोमणे मारले, सासरच्यांनी अडवले, एखादे बाळ हातचे गेले, तर ते बोलायला दुसऱ्या गावची तीच अडचण असलेली बाई समोर होती. या विषयाच्या इतिहासात जामखेडची ही सवय मोलाची आहे, कारण पुढे प्रत्येक यंत्राच्या मागे हरवत गेली ती हीच गोष्ट.

दुसरा धडा गोंदियाच्या शेजारच्या गडचिरोलीतला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूतांकरवी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली आणि तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला, हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये ही पद्धत देशभरच्या आशांच्या कामात आली. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरभेट, आणि सगळ्या भेटी पुऱ्या झाल्यावर २५० रुपये. वेळापत्रक चांगले आहे आणि त्याने बाळे वाचली आहेत. पण सातव्या दिवशी बाळ दगावले तर आशाताई त्या घरातून बाहेर पडते आणि त्याच गल्लीत राहते, ही बाब तिच्या फॉर्ममध्ये कुठे नाही. डॉक्टरची बदली होते, नर्सबाई पुढच्या उपकेंद्राला जाते. आशा गावची सून असते.

आशा ही योजना २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. तिच्यामागे छत्तीसगडच्या २००२ च्या मितानिन कार्यक्रमाचा अनुभव होता. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा; ती कर्मचारी नव्हे तर ‘स्वयंसेविका’, तिला पगार नव्हे तर कामागणिक मोबदला. सगळ्या गोष्टीचे मूळ या एका शब्दात आहे. स्वयंसेविकेला कामाचे तास नसतात, रजा नसते आणि थकण्याची सोयही नसते. रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर जायचे ते तिनेच, आणि नोंद वेळेत झाली नाही तर मोबदला बुडणार तोही तिचाच.

थकव्याला शास्त्रीय नाव मिळाले ते आरोग्यसेवेतच. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये स्वयंसेवकांच्या ‘बर्नआउट’वर लिहिले. सेवाभावाने आलेली, मन लावून काम करणारी माणसेच कशी आतून रिकामी होतात, हा त्यांचा विषय होता. १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी ते मोजण्याची प्रश्नावली दिली. भावनिक थकवा, माणसांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना अशा तीन बाजूंनी ती मोजते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता नोकरीशी जोडलेली घटना म्हटले. हा भेद बारीक वाटला तरी कामाचा आहे. आजार असेल तर औषध माणसाला द्यायचे. घटना नोकरीतली असेल तर नोकरीत काहीतरी बदलायला हवे. ॲपवाल्यांनी पहिला रस्ता धरला, आशांच्या संघटनांनी दुसरा.

आता मोबाइलकडे. २००९ मध्ये केंद्राने माता आणि बालकांचा नावानिशी माग ठेवणारी संगणकीय पद्धत सुरू केली. नर्सबाईच्या रजिस्टरातले नाव तालुक्याच्या संगणकात गेले आणि नोंद खरी का, हे पाहायला वरून फोन येऊ लागले. नंतर क्षयरोगासाठी २०१२ मध्ये ‘निक्षय’ आले, २०१६ मध्ये नर्सबाईंच्या टॅबलेटवर ‘अनमोल’, मग असंसर्गजन्य आजारांसाठी वेगळे ॲप, २०२१ मध्ये लसीकरणासाठी ‘कोविन’, त्यापाठोपाठ आयुष्मान कार्ड आणि नागरिकाच्या डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले; पूर्व विदर्भासाठी ते फार गरजेचे आहे, पण त्याच्याही तपासणीच्या नोंदी पोर्टलवरच. प्रत्येक ॲप स्वतंत्रपणे पाहिले तर शहाणपणाचे वाटते. अडचण अशी की ती सगळी एकाच बाईच्या हातात येऊन पडली आणि एकालाही दुसऱ्याची ओळख नव्हती. एकाच गरोदर बाईचे नाव, वय आणि आधार क्रमांक दोन-तीन ठिकाणी भरायचे, आणि ऑनलाइन भरून झाल्यावर रजिस्टरही पूर्ण ठेवायचे. तपासणीला आलेले साहेब रजिस्टर मागतात.

मोबाइलचा एक वेगळा उपयोगही याच काळात झाला. ‘मोबाइल ॲकॅडमी’ हा आशांसाठीचा आवाजी अभ्यासक्रम २०१६ च्या जानेवारीत राष्ट्रीय पातळीवर आला. साध्या बटणांच्या फोनवर क्रमांक लावायचा आणि धडे ऐकायचे. एकूण धडे २४० मिनिटांचे. २०१९ पासून ते चालवण्याची जबाबदारी ‘आरमान’ या मुंबईच्या संस्थेकडे आली. डॉ. अपर्णा हेगडे यांनी ही संस्था २००८ मध्ये उभी केली होती. इथे फोन काही मागत नव्हता, काही देत होता. ऐकणारीला फॉर्म भरायचा नव्हता, फोटो पाठवायचा नव्हता, इंटरनेटही लागत नव्हते. स्मार्टफोन नसलेली आशा त्यातून वगळली गेली नाही.

अंगणवाडीत उलट घडले. सेविकेला ११ रजिस्टरे ठेवावी लागत. ८ मार्च २०१८ रोजी पोषण अभियान सुरू झाले तेव्हा त्यांतली बहुतेक रजिस्टरे मोबाइलवर आणण्याचा बेत होता आणि महाराष्ट्रात २०१९ मध्ये सेविकांना फोन मिळाले. अनेकींच्या हाती आलेला तो पहिलाच स्मार्टफोन. तो शिकण्याची हौसही होती. पुढे ती पद्धत गुंडाळली गेली आणि १ मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले. ते सुरुवातीला इंग्रजीत होते. आधीच्या फोनची स्मृती त्याला पुरेना. फोन तापत, मध्येच बंद पडत, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी येई. स्वतःच्या फोनवर ॲप घ्या, नोंदी न भरल्यास मानधन अडेल, अशा सूचना येऊ लागल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभरच्या सेविकांनी प्रकल्प कार्यालयांत जाऊन ते फोन परत केले. भाषेचा आणि सक्तीचा वाद मुंबई उच्च न्यायालयातही गेला.

फोन परत करण्याचे हे आंदोलन मनःस्वास्थ्याच्या इतिहासात सहसा धरले जात नाही. धरायला हवे. एखाद्या साधनाने मनस्ताप होतो हे सांगण्याचा इतका स्पष्ट मार्ग दुसऱ्या कुठल्या व्यवसायातल्या बायकांनी क्वचितच काढला असेल. त्यांची तक्रार तंत्रज्ञानाविरुद्ध नव्हती. मराठीत चालणारे ॲप आणि चालणारा फोन द्या, एवढेच मागणे होते. तीन-तीन भाषांत बोलणाऱ्या गोंदियासारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात इंग्रजी पडद्याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको: मुलाचे वजन सेविका घेते आणि आकडा भरायला घरातल्या शिकत्या मुलीला बसवते.

करोनाच्या साथीने या साऱ्यावर भीतीचा थर चढवला. मार्च २०२० पासून आशांनी बाहेरून आलेल्यांच्या याद्या केल्या, घरांवर शिक्के आणि चिकटपट्ट्या आल्या, विलगीकरणातल्यांची रोजची विचारपूस आली. १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर २०२० या काळात राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम झाली. पथकांनी घरोघर ताप आणि प्राणवायूची पातळी मोजली आणि रोजची माहिती ॲपवर चढवली. लोक दारे लावून घेत. तपासणी केली की उचलून नेतील, अशी अफवा होती. आणि घरी परतल्यावर तीच भीती आपल्या माणसांच्या डोळ्यांत दिसे. केंद्राने ५० लाख रुपयांचे विमाकवच जाहीर केले, त्यात आशाही होत्या. २२ एप्रिल २०२० च्या वटहुकमाने आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा हल्ला अजामीनपात्र गुन्हा झाला. तो वटहुकूम ज्या कायद्यात दुरुस्ती करत होता तो १८९७ चा साथरोग कायदा मुंबई-पुण्याच्या प्लेगमधून जन्मलेला. त्याच प्लेगमध्ये, १० मार्च १८९७ रोजी, रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. सव्वाशे वर्षांत कायद्याने सेवा करणाऱ्याच्या शरीराचे रक्षण करायला सुरुवात केली, हे थोडे नव्हे. मनाची गोष्ट त्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

१५ जून २०२१ पासून राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांनी संप केला. आठवडाभराने तो मिटला तेव्हा मानधनात दरमहा १००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मिळाला. पुढच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्काराने गौरव केला.

मनासाठीची ॲप याच काळात जगभर आरोग्य कर्मचाऱ्यांकडे वळली, पण त्यांची वंशावळ जुनी आहे. ऑस्ट्रेलियात ‘मूडजिम’ हे संकेतस्थळ २००१ पासून नैराश्यासाठीचे स्वाध्याय देत होते. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने २०११ मध्ये ‘पीटीएसडी कोच’ हे मोफत ॲप काढले. युद्धावरून आलेल्या शिपायाला झोपेत दचकणे, धडधड, चिडचिड यांवर हाताशी काही असावे म्हणून. २०२० मध्ये त्याच खात्याने त्या धर्तीवर ‘कोविड कोच’ काढले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने साथीच्या सुरुवातीलाच आपल्या कर्मचाऱ्यांना ‘हेडस्पेस’, ‘अनमाइंड’, ‘स्लीपिओ’ ही एरवी पैसे मोजून घ्यावी लागणारी ॲप फुकट दिली. सैनिकासाठी घडवलेले साधन परिचारिकेच्या हाती आले, यात आश्चर्य नाही. दोघांच्या कामात मृत्यू जवळून पाहणे आहे आणि पाळी संपली की घरी नेहमीसारखे वागणे आहे.

या ॲपच्या पोटात असते काय? बहुतेकांत रोजच्या मनःस्थितीची नोंदवही, श्वासाचे व्यायाम, झोपेचे वेळापत्रक, आणि विचार तपासून पाहण्याची पद्धत, जी बोधनात्मक वर्तन उपचारातून घेतलेली आहे. काहींत मन लागेल अशी छोटी कामे ठरवून ती करण्याचा क्रम असतो: मैत्रिणीला फोन, थोडे चालणे, अर्धवट राहिलेले शिवणकाम. काहींत गप्पा मारणारा यंत्रसंवादक असतो. बंगळुरूत सुरू झालेले ‘वायसा’ या जातीतले प्रसिद्ध. यंत्रसंवादकाची जमेची बाजू अशी की तो रात्री तीनला जागा असतो आणि गावात कोणाला सांगत नाही.

अशा ॲपनी फरक किती पडतो, याची चाचणी स्पेनमध्ये साथ चालू असतानाच झाली. ‘सायकोविडॲप’च्या अभ्यासात ४८२ आरोग्य कर्मचारी होते. दोन आठवड्यांनी पाहिले तर ॲप मिळालेल्या आणि नुसती माहिती मिळालेल्या गटांत एकंदरीत फारसा फरक नव्हता. फरक दिसला तो आधीपासून मानसोपचार किंवा औषधे घेत असलेल्यांत. म्हणजे ज्याच्या मागे माणूस उभा होता त्याला ॲपचा उपयोग झाला. ब्रिटनमध्ये ‘फाउंडेशन्स’ या ॲपची १००२ कर्मचाऱ्यांवर चाचणी झाली. आठ आठवड्यांत सर्वसाधारण मनःस्वास्थ्यात सुधारणा आढळली, पण बेताचीच. दोन्ही निकाल मिळून ॲपवाल्यांच्या जाहिरातींना उतारा म्हणून पुरेसे आहेत, आणि ॲपला सरसकट निकामी ठरवणाऱ्यांनाही.

मराठी मुलखात मोबाइल आणि मन यांची गाठ पडली ती आधी दुसऱ्या बाजूने. सेविकेचे मन नव्हे, तर सेविकेने सांभाळायचे इतरांचे मन. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प २०१० नंतरच्या दशकात झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी नैराश्यावर मोकळेपणी बोलायला सुरुवात केली आणि १८ महिन्यांत उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ भागात ‘आत्मीयता’ प्रकल्पाने ४१ गावांतल्या स्वयंसेवकांना स्वस्त स्मार्टफोन दिले. त्यावरच्या ॲपमध्ये प्रशिक्षण होते आणि लोकांना दाखवायच्या छोट्या फिल्म होत्या. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्राचा हा उपक्रम. राज्य सरकारचा ‘प्रेरणा प्रकल्प’ २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात आशांनीच घरोघर प्रश्नावली भरून नैराश्याची लक्षणे टिपली. पूर्वेकडचे धानपट्ट्याचे जिल्हे त्या यादीत नव्हते. त्याच सुमारास, २०१५-१६ मध्ये, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये होती. गोंदियाला लागून असलेली मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही दोन्ही राज्ये त्यात आहेत, महाराष्ट्र नाही.

गोव्याने यात एक कडी जोडली. ‘संगत’ या १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराचे शिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांचा साधा उपचार देऊन पाहिला. त्याचे गुणकारी निकाल २०१६-१७ मध्ये ‘द लॅन्सेट’ने छापले. मग तोच उपचार आशांना स्मार्टफोनवरून शिकवता येईल का, याचे प्रयोग संगतने मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात केले. आणि तिथेच प्रश्न पुढे सरकला: जिला दुसऱ्याचे नैराश्य ऐकायचे आहे ती स्वतः कशी आहे? मध्य प्रदेशातल्या ग्रामीण आशांसाठी संगतच्या गटाने जो कार्यक्रम आखला त्यात पाच दिवसांची निवासी कार्यशाळा होती. आपल्या स्वभावातली बलस्थाने ओळखून ती रोजच्या कामात वापरण्याचा सराव होता. त्यानंतर आठ ते दहा आठवडे फोनवरून मार्गदर्शन होते. फोन इथेही आहे, पण पलीकडे माणूस आहे, आणि फोनच्या आधी पाच दिवसांचा सहवास आहे. जामखेडच्या मुक्कामाची आठवण व्हावी, असाच हा आराखडा.

सरकारी पातळीवर मनाचा आधार मिळाला तो सर्वसाधारण नागरिक म्हणून. साथ सुरू होताच निम्हान्सने मदतवाहिनी काढली. १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात घोषणा होऊन १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलिमानस’ सुरू झाले: १४४१६ हा विनामूल्य क्रमांक, २० भाषा, दिवसरात्र सेवा. बरोबर दोन वर्षांनी, १० ऑक्टोबर २०२४ रोजी, टेलिमानसचे ॲप आले. सशस्त्र दलांसाठी मात्र पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ पासून वेगळा टेलिमानस कक्ष आहे, कारण सैनिकाच्या ताणाची तऱ्हा वेगळी आणि त्याला ती ओळखणारा माणूस हवा. आशा, सेविका, नर्स यांना सर्वांसाठीचा क्रमांक. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या बाबतीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ च्या अहवालात कामाचे तास आठवड्याला ७४ च्या आत ठेवा, अशी शिफारस केली. गोंदियासह सगळ्याच महाविद्यालयांतल्या निवासी डॉक्टरांना ती लागू पडते. गावच्या स्वयंसेविकेच्या तासांना अशी मर्यादा नाही, कारण कागदावर तिला तासच नाहीत.

खासगीपणाचा प्रश्न त्याहून अवघड. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने उपचारांविषयी गुप्ततेचा हक्क दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. परंतु सेविकेच्या हातातला फोन बहुधा एकच असतो. त्यावर आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकाचा व्हॉट्सॲप गट असतो, मुलांचा अभ्यास असतो, नवऱ्याचे फोन येतात. ‘आज फार उदास वाटते’ हे ज्या पडद्यावर लिहायचे तोच पडदा बैठकीत मॅडमच्या हातात जातो. मनःस्थितीची नोंद वरिष्ठांना दिसेल की नाही, याची शंका असली तरी पुरे. बाई रोज ‘छान’ हाच चेहरा निवडणार. म्हणून मनःस्वास्थ्याचे ॲप कामाच्या ॲपपासून तुटक असावे लागते. त्याला कामाचा लॉगिन नसावा, हजेरी नसावी, आणि किती जणींनी उघडले याचा तालुकावार तक्ता तर मुळीच नसावा. तो तक्ता निघाला की तेही एक उद्दिष्ट होते.

आशा भरत असलेल्या फॉर्ममध्ये एक विलक्षण जागा आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची आरोग्य तपासणी नोंदवताना शेवटच्या भागात दोन प्रश्न येतात: गेल्या दोन आठवड्यांत कशातही रस वाटेनासा झाला का, आणि उदास किंवा निराश वाटले का. उत्तरांचे गुण मिळवायचे आणि ठरावीक आकड्याच्या पुढे गेले तर त्या माणसाला उपकेंद्राकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवायचे. हा फॉर्म आशाताईने गावातल्या सर्वांचा भरायचा. ती स्वतः तिशीपुढची असली तर तिचाही भरायला हवा. तिचा भरणारी मात्र तीच.

१८ ऑक्टोबर २०२३ पासून आशा आणि गटप्रवर्तकांनी पुन्हा संप केला. मानधनाबरोबर ऑनलाइन कामांची सक्ती थांबवा, ही त्या संपातली ठळक मागणी होती. नोव्हेंबरात वाढीचे आश्वासन मिळाले. शासन निर्णय निघेना म्हणून १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा काम बंद झाले आणि मुंबईच्या आझाद मैदानावर मुक्काम पडला. ४ डिसेंबर २०२३ पासून अंगणवाडी सेविकांचाही संप चालू होता आणि तो जानेवारीच्या अखेरीस मिटला. दोन्ही संपांत मोबाइल दोन रूपांत होता. मागण्यांच्या यादीत चालणारा फोन, रिचार्जचे पैसे आणि मराठी ॲप यांचा उल्लेख होता. आणि गोंदियापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या बायकांना कधी निघायचे, कुठे उतरायचे, रात्री कुठे थांबायचे, हे सांगणारे निरोपही त्याच फोनवरच्या गटांतून जात होते.